'येते मी', कामाग्वेहून

समई अर्धी घासून झाली होती. वरची तबकडी आणि दांडा सोन्यासारखा उजळला होता. बैठक मात्र अजून वर्षभराच्या तेलाने काळीच होती. उद्या घटस्थापना. सुमेधाने सिंकमध्ये जुना टॉवेल अंथरला होता, बोटांना पितांबरीची पूड लागली होती, आणि तेवढ्यात ओट्यावरचा फोन किणकिणला. ओवीचा व्हॉइस मेसेज होता. सुमेधाने करंगळीच्या टोकाने तो लावला.

"आई, ताप उतरलाय थोडा. पॅनिक होऊ नकोस, ओके? अं... येते मी."

मागे कुणी बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली, दार करकरलं आणि मेसेज संपला.

सुमेधाने तो पुन्हा ऐकला. मग पुडीचे हात तसेच गाऊनला पुसून तिने ओवीला फोन लावला. रिंग वाजलीच नाही. एक रेकॉर्ड केलेली बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत राहिली, तेच तेच, अगदी गोड आवाजात. सुमेधा पुन्हा पुन्हा लावत होती आणि ती बाई पुन्हा पुन्हा तेवढ्याच गोडव्याने सांगत होती. मग दत्तात्रयचा ऑफिसातून फोन आला.

"अगं, न्यूज बघितलीस का? क्यूबाची वीज गेलीय."

"ओवीच्या गावाची?"

"गावाची नाही, देशाची. सगळी ग्रिड बसली. आता मोबाइलचे टॉवरही बंद पडणार."

"अहो, तिला ताप आहे."

"माहितीये. तू घाबरू नकोस."

हे वाक्य सुमेधाला लग्नापासून इतक्या वेळा ऐकायला मिळालं होतं, की त्याचा अर्थ तिच्यापुरता उलटा झाला होता. दत्तात्रय 'घाबरू नकोस' म्हणाला की खरंच घाबरण्यासारखं काहीतरी असतं. तिने नळ बंद केला. समई टॉवेलवर आडवी पडून राहिली, अर्धी पिवळी, अर्धी काळी.

सुमेधा भित्री होती. हे तिच्या माहेरी, सासरी आणि ॲडलेडच्या मराठी मंडळातही सर्वांना ठाऊक होतं आणि तिने ते कधी नाकारलंही नव्हतं. चिंचवडच्या कॉलनीत वाढलेली, कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरातली मुलगी ती. दत्तात्रयला स्किल्ड व्हिसा मिळाला तेव्हा पाच वर्षांची ओवी कडेवर आणि देवघर हँडबॅगेत घेऊन इकडे आली. मॉसन लेक्स या उपनगरात, तळ्याजवळ, घर घेतलं. घराला दोन नळ: एक पिण्याचा, एक जांभळ्या पाइपचा, शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा, बागेसाठी. पहिल्याच आठवड्यात तिने तुळशीला चुकून जांभळ्या नळाचं पाणी घातलं आणि रात्रभर देवाची क्षमा मागितली. तेव्हापासून तुळशीचं पाणी स्वयंपाकघरातून तांब्याने जातं. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात म्हणून ती तळ्याकडे फिरायला जाताना छत्री उघडून जाते. राउंडअबाउटची भीती बसली म्हणून गाडी शिकायची राहूनच गेली. दत्तात्रय पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे स्मोक अलार्म दोन आहेत. एक छताला, एक स्वयंपाकघरात. दुसऱ्याला बॅटरी लागत नाही." पाहुणे हसायचे, तीही हसायची, आणि हसता हसता गॅस बंद आहे का ते बघून यायची.

पण एका गोष्टीवर ती कुणाला हसू द्यायची नाही. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं.

तिचे वडील एका सकाळी फर्स्ट शिफ्टला निघाले. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होती, ते घाईत होते. "जातो गं," एवढं म्हणून जिना उतरले. दुपारी मशीनसमोर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. आई मात्र पुढे जन्मभर त्या एका शब्दापाशी अडून राहिली. इतकी वर्षं 'येतो' म्हणत होते, त्याच दिवशी का नाही म्हणाले. सुमेधाला कळत होतं, की शब्दाने कुणी मरत नाही. तरी कळणं एका जागी असतं आणि भीती दुसऱ्या जागी.

ओवीला हे कधी पटलं नाही. प्राथमिक शाळेत असल्यापासून ती वाद घालायची. "बट आई, आय ॲम नॉट कमिंग. आय ॲम गोइंग. जाते इज करेक्ट." मोठी झाल्यावर तर मुद्दाम, दारात उभी राहून, सूर लावून म्हणायची, "जाऽऽते." सुमेधा आतूनच ओरडायची, "येते म्हण." आणि दार लागलेलं असायचं. विमानतळावरही तेच झालं. सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना ओवीने मिठी मारली आणि म्हणाली, "चल, जाते." सुमेधाने तिचा दंड धरला. "येते म्हण." ओवी हसली. "आई, बाय इज बाय." आणि पाठीवरची भलीमोठी सॅक सावरत आत गेली.

तेव्हापासून तो शब्द सुमेधाच्या मनात काट्यासारखा सलत होता. आणि आज, जन्मात पहिल्यांदा, ओवी आपणहून म्हणाली होती, येते मी.

का म्हणाली?

ओवी पाण्याचं शिकत होती. तळ्याकाठच्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, तिचं मास्टर्स चाललं होतं आणि विषय होता, जुनी माणसं पावसाचं पाणी कसं साठवत. त्यासाठी जगाच्या पाठीवर दुसरं गाव सापडलं नाही, तिने निवडलं कामाग्वे. क्यूबाच्या मधोमध, समुद्रापासून लांब, एका प्रांताचं मुख्य शहर. सुमेधाने ते नाव आधी कधी ऐकलं नव्हतं. पण लेक जिथे राहणार त्या गावाची माहिती नसणं ही तिला लेकीला एकटं सोडण्यासारखीच गोष्ट वाटली. मग ती वाचू लागली. स्वयंपाक करताना व्हिडिओ बघू लागली. कुकरच्या शिट्ट्या कामाग्वेच्या गल्ल्यांमध्ये वाजू लागल्या.

आणि वाचता वाचता तिला एक गंमत कळली. ते शहरच भित्रं होतं.

पाचशे वर्षांपूर्वी ते वसलं समुद्रकाठी. तिथे टिकाव लागेना, म्हणून उचललं आणि आत नेलं. तिथेही जाळपोळ झाली, म्हणून पुन्हा उचललं आणि आणखी आत, दोन लहान नद्यांच्या मध्ये नेऊन ठेवलं. तरीही समुद्री लुटारू पाठ सोडीनात. म्हणून तिथल्या लोकांनी गल्ल्याच अशा वाकड्यातिकड्या काढल्या की आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडू नये, असं म्हणतात. एक गल्ली दुसरीच्या कुशीत शिरते, तिसरी भिंतीवर आपटून संपते, चौक गोल नाहीत आणि चौकोनीही नाहीत. मध्ये मध्ये चर्च, इतकी की एकाची घंटा थांबते तोवर दुसऱ्याची सुरू होते. शहराबाहेर पडलं की मात्र सगळं उघडं पडतं. सपाट माळ, त्यावर गुरं, दुधाचे कॅन घेऊन जाणारी घोडागाडी, उसाचे तुकडे, रेल्वेचे रूळ, आणि लांबवर दोन-चार घरांच्या वस्त्या, ज्यांचा कारभारही त्याच नगरपालिकेकडे. डोंगर नाही, मोठी नदी नाही. पाण्याची टंचाई जुनीच. म्हणून प्रत्येक घराच्या अंगणात पन्हाळीखाली माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण, अर्धे जमिनीत पुरलेले. त्यांना तिथे तिनाहोन म्हणतात. ओवी त्या रांजणांची मोजमापं घ्यायला गेली होती.

हे सगळं वाचून सुमेधाला त्या गावाबद्दल आधी माया वाटली, आणि मग मायेच्या पोटात भीती शिरली. लुटारूंना बाहेर पडता येऊ नये म्हणून बांधलेलं गाव. मग आपल्या पोरीला तरी कसं बाहेर पडता येणार?

म्हणून तिने ओवीला एक काम लावलं होतं. "व्हिडिओ कॉलवर मला रोज वाट दाखव. घरापासून चौकापर्यंत. येताना आणि जाताना."

"आई, इट्स द सेम रोड."

"येतानाची वाट वेगळी दिसते. दाखव."

आणि ओवी कुरकुरत दाखवायची.

संध्याकाळी दत्तात्रय घरी आला तो थेट ओवीच्या खोलीत गेला. खिडकी उघडली, पलंगावरची खोकी खाली काढली, कपाटातून धुतलेली चादर शोधली.

"हे काय चाललंय?" सुमेधाने विचारलं.

"येतेय ना ती. तूच मेसेज पाठवलास. ताप, वीज नाही, पाणी नाही. शहाणी आहे माझी पोर, निघाली असणार. हवानाला पोचली की फोन करेल."

"अहो, 'येते मी' म्हणजे नुसतं निघतानाचंही असेल. बाय म्हटल्यासारखं."

"ओवी? ओवी कधी 'येते' म्हणालीये? सांग एकदा तरी. तू घसा कोरडा केलास. ती जेव्हा येते म्हणते, तेव्हा येते म्हणजे येते."

हे खरंच होतं, आणि म्हणूनच सुमेधाचा जीव जास्त घाबरला. समजा निघाली असेल, तर तापाने फणफणलेली पोर अंधारलेल्या देशात शेकडो किलोमीटर रस्त्याने चालली आहे. समजा निघाली नसेल, तर मग ती मुद्दाम आईच्या शब्दात का बोलली? माणूस फार घाबरलं की आईने शिकवलेलं आठवतं. तिसरं काही सुमेधाला सुचत नव्हतं. दोन्ही वाटा एकाच विहिरीकडे जात होत्या.

दत्तात्रयने परराष्ट्र खात्याच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी नाव, पासपोर्ट नंबर लिहून घेतला. युनिने ईमेलला लगेच उत्तर दिलं, आम्हीही प्रयत्न करतोय. मंडळातली विनीता म्हणाली, "अगं, नो न्यूज इज गुड न्यूज." सुमेधाने बरं म्हटलं. त्या दिवशी अमावास्या होती. दिवसभर तिचा जप चालू होता, पण मणी पुढे सरकत आणि नाव मागेच राही. समईकडे तिने बघितलंही नाही.

घटस्थापनेच्या सकाळी दत्तात्रय उठून बघतो तर सुमेधा पायात बूट घालत होती.

"कुठे निघालीस? आज घट बसवायचेत ना?"

"बसवीन. आधी ओदालीसकडे जाऊन येते. तिचं माहेर कामाग्वेचंच आहे."

"मी सोडतो."

"तुम्ही घरी थांबा. लँडलाइनवर काही आलं तर."

"अगं, आपल्याकडे लँडलाइन आहेच कुठे?"

"मग दारावर काही आलं तर," सुमेधा म्हणाली आणि पहिल्या बसने निघाली. इतक्या वर्षांत पूजा टाकून ती घराबाहेर पडली, ही पहिलीच वेळ.

ओदालीस जवळच्याच सॅलिसबरीला राहायची. सत्तरीच्या पुढची, नखं लाल रंगवलेली, चालताना गुडघ्याला शिव्या देणारी. तरुणपणी एका ऑस्ट्रेलियन बोटीवरच्या इंजिनियरशी लग्न करून इकडे आली होती. आता लायब्ररीत स्पॅनिश शिकवायची. ओवी तिच्याकडेच शिकली. सुमेधा ओवीबरोबर तिच्याकडे दोनदा आली होती. दोघींचं इंग्रजी दोन वेगळ्या दिशांनी आलेलं, पण कुठेतरी मध्ये भेटायचं. ओदालीसच्या हॉलमध्ये कोपऱ्यात पिवळ्या वस्त्रातली देवी होती आणि तिच्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा पेला. ते पाणी ती रोज बदलते हे कळल्यापासून सुमेधाला ती आपलीच वाटायची.

"बस. आधी कॉफी."

"ओदालीस, ओवीचा पत्ता नाही."

"म्हणूनच आधी कॉफी. रिकाम्या पोटी रडू नये, मळमळतं."

सुमेधाने मेसेज ऐकवला.

"शेवटी काय म्हणाली ती?"

"आय ॲम कमिंग."

"कुठे?"

"तेच तर." आणि सुमेधाने सगळं सांगितलं. जाते, येते, वडील, विमानतळ, दत्तात्रयने घातलेली चादर. सांगताना तिला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. ओदालीस मात्र कॉफीचा चमचा हातात तसाच धरून ऐकत होती.

"पुन्हा लाव. मुलीचं नको, मागे ती बाई बोलते ते ऐकू दे."

सुमेधाने फोन तिच्या कानाला लावला.

"घरमालकीण दिसते," ओदालीस म्हणाली. "ती विचारतेय, पाणी घेतलंस का? आणि म्हणतेय, कागदपत्रं घे, दवाखान्यात मागतील. आणि मग ही पोरगी दार उघडते." तिने चमचा ठेवला. "सुमे, आमच्याकडे बाहेर पडताना काय म्हणतात माहितीये? आओरा वेंगो. आता येते. कोपऱ्यावर पाव आणायला गेलं तरी आओरा वेंगो. माझा नवरा लग्नानंतर वर्षभर दारात उभा राहून वाट बघायचा. त्याला वाटायचं, ही म्हणाली आता येते, म्हणजे आताच येणार." ती हसली. "आमच्या 'आता'वर विश्वास ठेवू नये. पण येणार एवढं नक्की असतं."

"म्हणजे ती इकडे येत नाहीये."

"नाही गं. ती दवाखान्यात गेली."

एका भीतीची जागा दुसरीने घेतली, एवढंच. निदान कालपर्यंत भीतीचे दोन रस्ते होते. आता एकच उरला आणि तो सरळ होता. ताप वाढला असणार. ती दवाखान्यात गेली आणि तिच्यामागे सगळ्या देशाचे दिवे गेले.

"थांब," ओदालीस म्हणाली. "वीज गेली की मोबाइल मरतात. पण तारेचे जुने फोन कधी कधी तग धरतात. माझ्या बहिणीकडे अजून आहे, निएवेसकडे. नशीब असेल तर."

नशीब पुष्कळदा नव्हतं. नंबर फिरवायचा, खरखर, मग कट. ओदालीस देवीकडे बघून काहीतरी पुटपुटली. ते प्रार्थनेपेक्षा दमदाटीसारखं वाटलं. मग एकदम पलीकडे घंटा वाजू लागली आणि एका म्हातारीचा आवाज आला, इतका मोठा, की फोनची गरजच नव्हती. दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या. सुमेधाला फक्त 'ओवी' एवढं कळलं.

"पत्ता सांग," ओदालीस म्हणाली.

पत्ता सुमेधाला पाठ होता. तिने गल्लीचं नाव सांगितलं. पलीकडून तक्रार आली.

"ती म्हणते, अशी गल्लीच नाही. हे सरकारी नाव असणार. आमच्याकडे प्रत्येक गल्लीला दोन नावं. कागदावरचं कुणी बोलत नाही. जुनं नाव काय?"

जुनं नाव सुमेधाला ठाऊक नव्हतं. मग तिने डोळे मिटले आणि ओवी रोज कुरकुरत दाखवायची ती वाट आठवली, येतानाची.

"चौकातून निघायचं. चर्च डाव्या हाताला. मग भिंत येते, कोपरासारखी वाकलेली."

ओदालीसने भाषांतर केलं. "ती म्हणते, कोपरासारखी भिंत सगळ्या गावात आहे. पुढे सांग."

"पुढे रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्या दारात पिंजरा, पण पिंजऱ्यात पक्षी नाही, कांदे ठेवलेत. तिथे गल्ली दोन होतात. मोठी वाटते ती घ्यायची नाही, ती बंद होते. लहान घ्यायची. निळं दार. आत अंगणात दोन रांजण, एकाची कड फुटलेली."

पलीकडून हसू ऐकू आलं.

"कांदेवाला रेडिओ तिला माहितीये," ओदालीस म्हणाली. "तिथे आता दिवेलागणीची वेळ झालीय, पण अजून उजेड आहे. ती जातेय. आपण थोड्या वेळाने पुन्हा फोन करायचा, तिच्याकडून लागत नाही." मग स्वतःच थांबून म्हणाली, "जातेय नाही. आओरा वेंगो म्हणाली."

वाट बघताना ओदालीसने टोस्ट केला. सुमेधाचा उपास होता. मग ओदालीस मन रमवायला म्हणून बोलत राहिली आणि बोलता बोलता ते रांजणांवर आलं.

"आमच्या गावात म्हणतात, परक्या माणसाला गावच्या पोरीने तिनाहोनातलं पाणी पाजलं, की तो परत जात नाही. तिथलाच होतो."

सुमेधाने लगेच विचारलं, "आणि पोरगी परकी असली तर?"

"अगं, म्हणायची गोष्ट आहे. मी जन्मभर तेच पाणी प्यायले आणि बघ, सॅलिसबरीत बसलेय."

पण सुमेधाला ते वाक्य पुरेना. ज्या गावात शिरलेला माणूस वाट चुकतो, आणि पाणी प्यायलेला माणूस राहतो, त्या गावात तिने आपली एकुलती एक पोर रांजण मोजायला पाठवली होती.

पुन्हा फोन लागला तेव्हा निएवेसचा आवाज खाली आला होता. ओदालीस ऐकत राहिली आणि तिने बोलता बोलता सुमेधाचा हात धरला. सुमेधाला त्या हातावरूनच कळलं.

"घराला कुलूप आहे," ओदालीस म्हणाली. "शेजारची म्हणते, मुलगी आणि घरमालकीण काल दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मग वीज गेली. निएवेस घरी फोन घ्यायला आली होती, आता दवाखान्याकडे निघालीय. जवळ आहे."

सुमेधा उठली आणि देवीपुढचा पेला उचलून स्वयंपाकघरात गेली. कालचं पाणी कुंडीत ओतलं, पेला विसळला, नवीन पाणी भरलं आणि आणून ठेवला. परक्या देवाच्या पूजेत आपण असा हात घालावा की नाही, हा विचार तिला नंतर आला. ओदालीसने तिला अडवलं नाही. सुमेधा त्या पिवळ्या वस्त्रासमोर जमिनीवर बसली, गुडघे जवळ घेऊन. तिला मागायचं होतं, पण काय मागावं ते ठरेना. ती येऊ दे, असं म्हणावं तर ती येतच नव्हती. मग ती नुसतीच म्हणत राहिली, असू दे. असू दे. असू दे.

त्यानंतरचे फोन खूप वेळ लागलेच नाहीत. रस्त्यावरून शाळेची बस गेली, शेजाऱ्याने पाचोळा उडवायचं मशीन सुरू केलं आणि बंद केलं. दत्तात्रयचे दोन मेसेज आले, दोन्हीत नुसतं प्रश्नचिन्ह. मग घंटा वाजली, कुणीतरी उचलला, ओदालीस काही बोलणार तेवढ्यात ऐकत राहिली, आणि रिसीव्हर सुमेधाच्या हातात दिला.

"आई? हॅलो? ऐकू येतंय?"

सुमेधाने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आई, मी ओके आहे. रात्रभर ड्रिप लावली होती. फोन डेड झाला. आय ॲम सो सॉरी."

"ताप?"

"नाहीये आता. वीकनेस आहे. मच्छरांमुळे, बहुतेक डेंगी. निएवेस मला तिच्या घरी घेऊन आली. तिने मला कसं शोधलं? ती सारखी कांदे, कांदे म्हणतेय."

"ओवी, तू येतेयस ना?"

"कुठे?"

"घरी. तू म्हणालीस, येते मी. बाबांनी चादर घातलीये."

"ओह. नो, आई. इथे बाहेर पडताना तसं म्हणतात. घरमालकीण मला म्हणायलाच लावते, नाहीतर कडी काढत नाही. मग एक दिवस मला स्ट्राइक झालं, हे तर आईचं येते आहे. म्हणून तुला म्हटलं. वाटलं, तुला बरं वाटेल."

सुमेधाला हसू आलं आणि त्याच झटक्यात डोळे भरले. पंधरा वर्षं दारात उभं राहून जे जमलं नाही, ते एका अनोळखी बाईने कडीवर हात ठेवून करून घेतलं होतं.

"मग आता निघून ये. बरं वाटलं की."

"आई, पाऊस आत्ता पडतोय. रांजण आत्ता भरतायत. आत्ता मोजलं नाही तर सगळं वर्ष गेलं. आणि पंप बंद आहेत ना, तर सगळी गल्ली रांजणाचंच पाणी पितेय. इट्स ॲक्च्युअली वर्किंग."

"तू प्यायलीस?"

"हो. उकळून."

"कुणी दिलं?"

"घरमालकिणीच्या मुलीने, दवाखान्यात आणून. का?"

"काही नाही," सुमेधा म्हणाली.

"आई, निएवेसला फोन हवाय, तिला तिच्या बहिणीशी भांडायचंय. चल, जा..." ओवी अडखळली. "ये..."

आणि लाइन गेली. शब्द पुरा झाला की नाही, ते सुमेधाला कळलं नाही. ओदालीसने पुन्हा लावून बघितला, तर ती गोड आवाजाची बाई परत आली होती.

"माझी भाची शुक्रवारी तिकडे चाललीय," निरोप देताना ओदालीस म्हणाली. "एक बॅग नुसती औषधांची नेते. तिथे काही मिळत नाही. तुला काही द्यायचं असेल तर आजच आण, ती संध्याकाळी बॅग बंद करायला येतेय."

सुमेधा घरी आली तेव्हा दत्तात्रय दारातच होता. तिने सांगितलं. तो ऐकत होता आणि मध्येच चष्मा काढून पुसत होता.

"म्हणजे येत नाही."

"येईल. काम संपलं की."

"मी म्हणालो होतो, घाबरू नकोस," तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते हलकं वाटलं असावं, कारण तो लगेच ओवीच्या खोलीत गेला. चादर काढून पुन्हा घडी घालायला लागला, अर्धी घातली, आणि मग तशीच परत अंथरून ठेवली.

मुहूर्त टळून गेला होता. सुमेधाने आंघोळ केली, मातीचा घट भरला, परडीत माती घालून धान्य पेरलं. समई घासायला आता वेळ नव्हता. तिने ती तशीच पाटावर ठेवली, काळी बैठक फुलांनी झाकून, आणि वात लावली. नऊ दिवस हा दिवा विझू द्यायचा नाही. ज्योत स्थिर होती, तरी सुमेधा तिच्याकडे बघत उभी राहिली. शब्द अर्धाच आला होता. रांजणाचं पाणी मात्र पुरं पोटात गेलं होतं. तापही म्हणतात, उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढतो.

"दिव्याकडे लक्ष ठेवा," तिने दत्तात्रयला सांगितलं आणि पिशवी उचलली. "तेल संपायच्या आत घाला. येते मी."

"म्हणजे नेमकं काय?" दत्तात्रयने विचारलं. तो हसवायला बघत होता.

"केमिस्टकडून तापाच्या गोळ्या, डासांचं मलम आणि मीठ-साखरेची पाकिटं घेते आणि ओदालीसकडे देऊन येते," सुमेधा म्हणाली.